धूळपेरणी आणि माती भिजवणारी द्रव्ये: एक परीक्षण

माती भिजवणाऱ्या द्रव्यांच्या, म्हणजे ज्यांना सर्वत्र ‘वेटिंग एजंट’ म्हटले जाते त्या उत्पादनांच्या डब्यांवर साधारणपणे तीन आश्वासने छापलेली असतात: पाणी जमिनीत एकसारखे मुरेल, उगवण एकाच वेळी होईल आणि पावसाने ताण दिला तरी पीक तग धरेल. पहिली दोन आश्वासने ठरावीक जमिनीत खरी होतात. तिसऱ्यात तथ्य फार थोडे आहे, कारण ही द्रव्ये पाणी निर्माण करत नाहीत आणि साठवूनही ठेवत नाहीत. पडलेल्या पाण्याला मातीत शिरता यावे, एवढेच त्यांचे काम. पहिल्या हलक्या सरींच्या भरवशावर धूळपेरणी केलेल्या, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरलेल्या पिकासाठी हे काम लहान नाही. मात्र ते कोणत्या जमिनीत, कोणत्या पद्धतीने आणि किती काळ होते, याचा विचार न करता कॅन आणून ओतणाऱ्याच्या पदरी निराशाच येण्याचा संभव अधिक. म्हणून या परीक्षणात एखाद्या कंपनीच्या मालाला गुण देण्याऐवजी या उत्पादनांचे प्रकार, ती वापरण्याची रीत आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे तपासले आहे.

आधी ज्या दुखण्यावर हे औषध आहे, ते नीट पाहिले पाहिजे. काही जमिनी कोरड्या झाल्या की पाणी झिडकारू लागतात. पालापाचोळा, मुळे आणि बुरशी यांच्यापासून सुटलेले मेणासारखे सेंद्रिय पदार्थ मातीच्या कणांवर पातळ लेपासारखे बसतात. रेतीचे कण मोठे असल्याने त्यांचे एकूण पृष्ठफळ कमी असते आणि म्हणून थोडासा मेणही बहुतेक कणांना झाकायला पुरतो. चिकणमातीचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या रेताड जमिनींत हा दोष सर्वाधिक आढळतो, त्याचे कारण हेच. अशा जमिनीवर हलकी सर पडली की पाण्याचे थेंब धुळीचे पांघरूण घेऊन मण्यांसारखे वरच गडगडतात आणि उताराकडे निघून जातात. पाऊस थांबल्यावर बोटाने वरची माती बाजूला सारली तर दोन-तीन सेंटिमीटरवर कोरडी ठणठणीत भुकटी लागते. तीच पेरणीची ओळ थोडी पुढे उकरली तर तेथे ओलाव्याची एक अरुंद नळी थेट खोलवर उतरलेली दिसते. पाणी जमिनीत गेलेले असते, पण ते मोजक्या वाटांनी. एका दाण्याला ओल मिळते आणि तो फुगतो, आणि त्याच ओळीतला शेजारचा दाणा पेरला तसाच कोरडा पडून राहतो.

या असमान ओलीची किंमत केवळ नांग्यांपुरती, म्हणजे ओळीत न उगवलेल्या रिकाम्या जागांपुरती नसते. पीक टप्प्याटप्प्याने उगवले की त्याची वाढही पुढेमागे होते, पक्वता एकाच वेळी येत नाही आणि काढणीला अडचण होते. तणेही एकदम न उगवता हप्त्याहप्त्याने उगवतात, त्यामुळे तणनाशकाची योग्य वेळ सापडत नाही, आणि जमिनीत पडून असलेल्या तणनाशकालाही काम करण्यासाठी लागणारी ओल मिळत नाही. वरच्या थरात दिलेले स्फुरद आणि पालाश कोरड्या मातीत अडकून पडते. वाऱ्याने उडणारी उघडी रेती कोवळ्या रोपांना झोडपते, हे आणखी वेगळे.

पाणी मातीत का शिरत नाही, याचे उत्तर दोन राशींत आहे: पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल बांधून ठेवणारी पृष्ठभागाची ओढ, आणि पाणी व मातीचा कण यांच्यातील स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड कणाशी करते तो कोन. वीस अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. चांगली भिजणारी माती पाण्याला स्वतःकडे ओढून घेते, कारण तिचा स्पर्शकोन शून्याच्या जवळपास असतो. हा कोन ९० अंशांपुढे गेला की तीच सूक्ष्म छिद्रे पाण्याला आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलतात. भिजवणारे द्रव्य दोन्ही गोष्टी बदलते. त्याच्या रेणूचे एक टोक मेणाला चिकटते आणि दुसरे पाण्याकडे राहते, त्यामुळे मेणकट कण पाण्याने पुन्हा भिजू लागतो. शिवाय पाण्याचा पृष्ठताणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो.

येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते या उत्पादनांविषयी जाणून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. मातीची छिद्रे ज्या जोराने पाणी ओढतात, तो जोर पृष्ठताण आणि स्पर्शकोनाची कोज्या (त्रिकोणमितीतील ‘कोसाइन’) यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. पाणी झिडकारणाऱ्या मातीत स्पर्शकोन, समजा, १०० अंशांचा असेल तर कोज्या ऋण येते आणि ओढ उलटी होते; द्रव्यामुळे कोन ४० अंशांवर आला तर पृष्ठताण निम्मा होऊनही ओढ चांगली धन होते आणि पाणी आत जाते. पण जी माती मुळातच नीट भिजते, तिच्या बाबतीत सुधारण्यासारखा कोनच उरलेला नसतो. तेथे द्रव्य घातल्याने फक्त पृष्ठताण कमी होतो, म्हणजे मातीची पाणी ओढण्याची ताकदच निम्मी होते. हेच उत्पादन एका शेतात डोळ्यांत भरणारा फरक दाखवते आणि दुसऱ्या शेतात काहीच करत नाही, किंबहुना थोडे नुकसानही करू शकते, याचे कोडे येथे सुटते. ‘सर्व प्रकारच्या जमिनींसाठी उपयुक्त’ असे ज्या डब्यावर लिहिलेले असेल, त्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा सावधपणे पाहावे.

तेव्हा खरेदीच्या आधी जमिनीची परीक्षा, हा क्रम चुकवू नये. परीक्षा सोपी आहे आणि तिला थेंबाच्या शिरकावाची चाचणी म्हणतात. पूर्ण वाळलेली माती एका थाळीत पसरून सपाट करावी, ड्रॉपरने तिच्यावर पाण्याचे काही थेंब सोडावे आणि थेंब नाहीसा व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. ५ सेकंदांच्या आत थेंब मुरला तर माती निर्दोष समजतात. ५ ते ६० सेकंद लागले तर दोष सौम्य, ६० ते ६०० सेकंद लागले तर तीव्र, त्यापुढे एक तासापर्यंत थेंब टिकला तर अतितीव्र, अशी वर्गवारी रूढ आहे. तीव्र दोष असलेल्या मातीवर सोडलेला थेंब पाहण्यासारखा असतो: तो गोल, चकचकीत राहतो, थाळी कलती केली तर घरंगळत जातो आणि जाताना आपल्या अंगावर रेतीचे कण चिकटवून नेतो. नमुना शेतातल्या अनेक ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या खोलीवरून घ्यावा, कारण हा दोष बहुधा वरच्या काही सेंटिमीटरमध्येच एकवटलेला असतो आणि शेतभर सारखा नसतो. माती ओलसर असताना चाचणी घेतली तर ती निर्दोष भासते. ओलावा एका मर्यादेखाली उतरल्यावरच हा दोष प्रकट होतो. प्रयोगशाळेत याच्या जोडीला इथेनॉलच्या वाढत्या तीव्रतेच्या द्रावणांची चाचणीही करतात आणि १० सेकंदांत मुरणारे सर्वांत सौम्य द्रावण कोणते, त्यावरून दोषाची तीव्रता ठरवतात. शेतकऱ्याच्या निर्णयाला मात्र थेंबाची चाचणी पुरेशी आहे.

पाणी वर साचते किंवा वाहून जाते, एवढ्यावरून जमीन पाणी झिडकारणारी आहे असे ठरवता येत नाही. पावसाच्या माऱ्याने वर पापुद्रा बसलेली जमीन, सोडियममुळे चोपण झालेली जमीन, अवजारांच्या वजनाने घट्ट झालेली जमीन आणि ओलाव्याने फुगून छिद्रे बंद करणारी भारी जमीन, या सर्वांवर पाणी थांबते, परंतु त्यांची कारणे वेगळी आहेत. पापुद्र्याला आच्छादन, चोपणाला जिप्सम व निचरा आणि घट्टपणाला खोल मशागत हवी असते. तेथे भिजवणारे द्रव्य ओतणे म्हणजे शुद्ध अपव्यय, आणि दुर्दैवाने या उत्पादनांचा बराचसा खप अशाच जमिनींसाठी होत असावा, अशी मला शंका आहे.

आता उत्पादनांविषयी. बाजारातील बहुतेक द्रव्ये सरफॅक्टंट, म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी करणाऱ्या साबणासारख्या रसायनांच्या वर्गातली आहेत, पण त्यांच्या रसायनात मोठा फरक असतो. इथिलीन ऑक्साइड आणि प्रोपिलीन ऑक्साइड यांच्या साखळ्यांपासून बनवलेली ब्लॉक कोपॉलिमर (दोन प्रकारच्या साखळ्या जोडून बनलेले लांब रेणू) ही नॉन-आयनिक, म्हणजे विद्युतभार नसलेली द्रव्ये जमिनीसाठी सर्वाधिक प्रचलित आहेत आणि माझ्या मते ती योग्यच आहेत. ती मातीच्या कणांना चांगली चिकटतात, पाण्याबरोबर सहज धुऊन जात नाहीत, जड पाण्यातील कॅल्शियममुळे फाटत नाहीत आणि योग्य मात्रेत रोपांना फारसा अपाय करत नाहीत. साखरेपासून बनणारी अल्किल पॉलिग्लुकोसाइड ही सौम्य आणि लवकर विघटन होणारी आहेत. एकटी वापरली तर त्यांचा परिणाम कमी टिकतो, म्हणून ती अनेकदा कोपॉलिमरबरोबर मिसळून विकली जातात. ऋणभार असलेली साबणासारखी द्रव्ये स्वस्त असतात, फेस भरपूर करतात आणि त्यामुळे काहीतरी जोरदार घडते आहे असा भास निर्माण करतात. कोवळ्या मुळांजवळ जास्त तीव्रतेने गेल्यास ती हानिकारक ठरू शकतात, म्हणून पेरणीच्या ओळीत मी त्यांना थारा देणार नाही.

सिलिकॉनवर आधारित द्रव्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण फवारणीत स्टिकर किंवा स्प्रेडर म्हणून वापरण्याची सवय असलेले अनेकजण तीच बाटली जमिनीसाठीही उचलतात. ट्रायसिलॉक्सेन वर्गातील ही द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण २० ते २२ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत खाली आणतात आणि पानावरचा थेंब क्षणात पसरवतात. पानासाठी त्यांना तोड नाही. परंतु आम्लधर्मी किंवा विम्लधर्मी परिस्थितीत त्यांचा रेणू पाण्यातच तुटत जातो. पेरणीनंतर पाऊस कधी येईल याची खात्री नसताना कोरड्या मातीत वाट पाहत बसण्याचे काम ज्या द्रव्याने करायचे, ते असे नाजूक असून चालत नाही. फवारणीचे साधन फवारणीलाच ठेवावे.

काही उत्पादनांत ओलावा धरणारे ग्लायकॉल किंवा ग्लिसरॉलसारखे पदार्थ मिसळलेले असतात. ओळीत पडणारी मात्रा पाहता, असा पदार्थ मातीच्या पाणीसाठ्यात नजरेत भरेल एवढी भर घालू शकत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. पाणी शोषून फुगणारे हायड्रोजेलचे दाणे हा पूर्णपणे वेगळा माल आहे. एकाच फळीवर ठेवलेले असतात म्हणून दोन्हींची गल्लत करू नये.

वापरण्याच्या पद्धतीवर यश कितीतरी अधिक अवलंबून असते. सबंध शेतावर फवारून वरचा थर दुरुस्त करायचा तर हेक्टरी दहा लिटरपासून पन्नास लिटरपर्यंत माल लागू शकतो. हिरवळी, खेळाची मैदाने आणि जास्त मोलाची भाजीपाल्याची पिके सोडली तर एवढा खर्च कोणत्याही धान्यपिकाला झेपत नाही. गोल्फच्या मैदानांवर कोरडे चट्टे घालवण्यासाठी ही द्रव्ये दशकानुदशके वापरली जात आहेत आणि तेथील यशाच्या कथा शेतीच्या जाहिरातींत सर्रास उतरतात, पण त्या मैदानाला नियमित पाणी मिळते आणि तेथे खर्चाकडे कोणी पाहत नाही. शेतासाठी व्यवहार्य रीत एकच: पेरणी करतानाच, बी झाकून माती दाबणाऱ्या चाकाच्या मागून, सरीच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीतील खोलगट चराच्या तळाशी द्रव्याची बारीक अखंड रेघ सोडणे. अशा वेळी हेक्टरी साधारण १ ते ४ लिटर द्रव्य पुरते.

दोन लिटरने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे, म्हणून हिशेब मांडतो. दोन ओळींतील अंतर २५ सेंटिमीटर असेल तर एका हेक्टरमध्ये ओळींची एकूण लांबी ४०,००० मीटर, म्हणजे ४० किलोमीटर भरते. २ लिटर द्रव्य तेवढ्या लांबीवर वाटले तर एका मीटरला ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब येतो. तो हेक्टरी ८० लिटर पाण्यातून दिला तर मीटरमागे २ मिलिलिटर द्रावण पडते. पण ही रेघ केवळ २ सेंटिमीटर रुंद असेल, तर भिजवायचे क्षेत्र हेक्टरच्या ८ टक्के, म्हणजे ८०० चौरस मीटर उरते, आणि त्या पट्ट्यापुरती मात्रा संपूर्ण शेतावर हेक्टरी २५ लिटर फवारल्यासारखी पडते. रेघ अरुंद राहिली तरच हे गणित जमते. पंख्यासारखा फवारा देणारे नोझल लावले आणि पट्टा ८ सेंटिमीटर रुंद झाला, की मात्रा एक चतुर्थांशावर येते आणि द्रव्य दिले न दिले सारखेच होते. म्हणून सरळ बारीक धार सोडणारे नोझल किंवा नळी हवी, आणि तिचा नेम सरीच्या मधोमध हवा.

या पद्धतीचा दुसरा फायदा असा की, तिच्यात जमिनीचा दोषच कामाला येतो. वरंबा पाणी झिडकारतो आणि त्याच्यावर पडलेला पाऊस सरीत उतरतो; सरीच्या तळाला द्रव्याची रेघ असल्याने ते पाणी तेथे आत शिरते. ५ मिलिमीटरची सर पडली तर २५ सेंटिमीटर रुंद पट्टीच्या एका मीटर लांबीवर सव्वा लिटर पाणी पडते. ते सारे ५ सेंटिमीटर रुंद सरीत जमले तर बियाण्यापुरता तो २५ मिलिमीटरचा पाऊस होतो. प्रत्यक्षात सगळे पाणी असे गोळा होत नाही, काही बाष्पीभवनाने जाते आणि काही वरंब्यातल्या फटींत शिरते, तरीही बियाण्याच्या वाट्याला येणाऱ्या ओलीत जो फरक पडतो तो उगवणीत दिसतो.

यासाठी सरी टिकली पाहिजे, आणि येथेच बहुतेक प्रयोग फसतात. पेरणीयंत्र वेगाने हाकले की मागच्या फणाने उडवलेली कोरडी माती पुढच्या फणाच्या ओळीवर जाऊन पडते. द्रव्याची रेघ त्या सैल, पाणी झिडकारणाऱ्या मातीखाली गाडली जाते आणि पाणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. वाऱ्याने सरी भरून येते तेव्हाही हेच घडते. माती दाबणारे चाक सरीला इंग्रजी व्ही अक्षरासारखा घट्ट, स्पष्ट आकार देणारे असावे, पेरणीचा वेग आवरलेला असावा आणि मागच्या पिकाचे धसकट शक्यतो उभे ठेवावे. काही यंत्रांवर दोन ठिकाणी द्रव्य सोडण्याची सोय असते: एक धार सरीच्या पृष्ठभागावर आणि दुसरी बियाण्याच्या जवळ. पाणी वरून आत शिरण्यासाठी पहिली आणि बियाण्याभोवती पसरण्यासाठी दुसरी, हा विचार तर्काला धरून आहे. पण एकच धार द्यायची असेल तर ती पृष्ठभागावरच द्यावी, कारण दारातच अडलेल्या पाण्यासाठी आत केलेली तयारी निरुपयोगी असते.

टाकीत मिसळतानाची शिस्तही सांगितली पाहिजे. आधी पाणी भरावे, बाकीची औषधे किंवा द्रव खते विरघळवावी आणि भिजवणारे द्रव्य सर्वांत शेवटी, पाणी फार न घुसळता घालावे. उलट केले तर टाकीच्या तोंडातून फेस उतू जातो, पंप हवा ओढू लागतो आणि धार तुटक पडते. धार तुटली की ओळीत तेवढा तुकडा कोरडा राहतो. ज्या खताशी किंवा बुरशीनाशकाशी ते मिसळायचे असेल, त्याच्याशी ते जुळते का हे एका काचेच्या बरणीत थोड्या प्रमाणात आधी पाहावे. साका बसला किंवा थर वेगळे झाले तर ते मिश्रण बारीक नळ्यांतून जाणार नाही.

परिणामांबाबत सर्वांत मोठा अनुभव पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येकडील धान्यपट्ट्यातून आलेला आहे. तेथे सुमारे १ कोटी हेक्टर शेतजमिनीला पाणी झिडकारण्याचा मध्यम ते तीव्र धोका असल्याचे मानले जाते, आणि पहिल्या पावसाची वाट न पाहता कोरड्यात पेरणी करण्याची पद्धतही तेथे रूढ आहे, त्यामुळे या द्रव्यांची कसोटी त्या भागात जितकी लागली तितकी क्वचितच अन्यत्र लागली असेल. तेथील चाचण्यांतून निघालेले चित्र उत्पादकांना पूर्णपणे सुखावणारे नाही. ओळीत दिलेल्या द्रव्याचा सर्वांत भरवशाचा फायदा लोहयुक्त खडीच्या, पूर्वी जंगल असलेल्या जमिनींत कोरड्यात पेरलेल्या गहू-जवासारख्या तृणधान्यांना झाला. खोल फिकट रेतीत तो कधी मिळाला, कधी नाही. आणि पुरेशी ओल असताना पेरणी केली तर फरक बहुधा नगण्य राहिला, जे अपेक्षितच आहे, कारण माती ओली असताना तिचा हा दोष आपोआप मावळलेला असतो. उगवण सुधारली म्हणजे उत्पादन वाढलेच असेही नाही. गव्हासारखे फुटवे करणारे पीक विरळ उगवणीची भरपाई पुढे बऱ्याच अंशी करून घेते. उगवणीचे आकडे दाखवून उत्पादनाविषयी मौन पाळणारी माहितीपत्रके वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

मातीतील सूक्ष्मजीव ही द्रव्ये हळूहळू खाऊन टाकतात. ओळीत दिलेल्या मात्रेचा परिणाम फार तर त्या हंगामापुरता धरावा आणि पुढच्या पेरणीला पुन्हा खर्चाची तयारी ठेवावी. पाऊसच आला नाही तर द्रव्य काहीही करू शकत नाही. त्याहून अवघड परिस्थिती म्हणजे एकच हलकी सर येऊन पावसाने मोठी उघडीप देणे: द्रव्यामुळे सगळे बी एकदम फुगते, कोंब बाहेर येतात आणि खाली ओल नसल्याने एकदमच मरतात. द्रव्य न दिलेल्या शेतात अशा वेळी निम्मे बी कोरडे राहून पुढच्या पावसाला उगवते. एकसारखी उगवण हा गुण खरा, पण तिच्याबरोबर धोकाही एकवटतो. जेथे पहिल्या पावसानंतर दुबार पेरणीची वेळ वारंवार येते, तेथे हे आधीच तोलून पाहावे.

रोपवाटिकेत मात्र या उत्पादनांविषयी माझी तक्रार जवळजवळ नाही. रोपे वाढवण्याचे माध्यम म्हणून वापरले जाणारे पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेला वनस्पतींचा चुरा) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळले की पुन्हा भिजता भिजत नाही. ट्रेवर पाणी घातले तर ते माध्यम आणि कप्प्याच्या भिंतीमधील फटीतून खाली निघून जाते आणि गड्डा आतून कोरडाच राहतो. माध्यम भरतानाच त्यात दाणेदार किंवा द्रवरूप वेटिंग एजंट मिसळले तर ट्रेमधील प्रत्येक कप्पा सारखा भिजतो. येथे पाणी आपल्या हातात असते, माध्यम माहितीचे असते आणि मात्रा अचूक मोजता येते, त्यामुळे अपेक्षाभंगाला फारशी जागा उरत नाही. तयार माध्यमात बहुधा हे द्रव्य आधीच घातलेले असते, एवढे पाहून घ्यावे.

बियाण्यालाच द्रव्याचा लेप देण्याची कल्पना याहून वेगळी आहे आणि तिच्याकडे मी अधिक उत्सुकतेने पाहतो. वणवा लागून गेलेल्या जमिनीत जळालेल्या वनस्पतींची मेणे खाली उतरून कणांवर थिजतात आणि वरच्या राखेखाली पाणी झिडकारणारा थर तयार होतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अशा जमिनींवर गवतांचे पुनरुज्जीवन करण्यासाठी सरफॅक्टंटचा लेप दिलेले बी वापरून पाहण्यात आले आणि त्याने उगवण सुधारल्याचे दिसून आले. पाऊस पडला की लेप बियाण्याभोवतीच्या मातीत उतरतो आणि दाण्यापुरती वाट मोकळी करतो. नोझल, टाकी, नळ्या यांचा सगळा प्रपंच यात टळतो.

सुरक्षिततेकडे या उत्पादनांच्या बाबतीत सहसा दुर्लक्ष होते, कारण ती ‘औषधे’ वाटत नाहीत. मूळ द्रावण डोळ्यांना आणि त्वचेला दाह करू शकते, आणि अनेक सरफॅक्टंट मासे व इतर जलचरांना घातक असतात, म्हणून टाकी धुतलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट या जुन्या, स्वस्त वर्गाच्या विघटनातून संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणारे पदार्थ तयार होतात. युरोपीय संघाने २००३ मध्ये त्याच्या वापरावर कडक निर्बंध घातले. घटक छापलेले नसतील तर विक्रेत्याला नेमके याविषयी विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर तो कॅन तेथेच ठेवावा.

पर्यायांशी तुलना केली तर भिजवणारे द्रव्य हा सर्वांत कमी भांडवलाचा आणि सर्वांत कमी टिकणारा उपाय ठरतो. रेताड जमिनीत चिकणमाती आणून मिसळणे किंवा खालच्या थरातील चिकणमाती वर काढणे हा दोषाच्या मुळावरचा इलाज आहे. चिकणमातीचे बारीक कण पृष्ठफळ कितीतरी पटींनी वाढवतात आणि मेण त्यांना पुरत नाही. नांगराने वरचा मेणकट थर उलटून खोल गाडणेही बरीच वर्षे पुरते, मात्र उघड्या पडलेल्या रेतीची धूप होण्याची जोखीम त्या हंगामात पत्करावी लागते. अगदी फुकटचा उपाय म्हणजे मागच्या पिकाच्या ओळीला लागून नवी ओळ पेरणे: जुन्या मुळांच्या पोकळ्यांतून पाणी आपसूक खाली उतरते आणि तेथली माती दोन ओळींमधल्या मातीपेक्षा लवकर भिजते. अचूक दिशा धरणारे यंत्र असेल त्याने वेटिंग एजंटचा विचार करण्याआधी हे करून पाहावे. द्रव्याची रेघ आणि जुनी ओळ एकत्र जुळवली तर दोन्हींचा लाभ मिळतो.

तेव्हा थेंबाची चाचणी तीव्र दोष दाखवत असेल, पेरणी कोरड्यातच करावी लागत असेल, जमीन खडीची किंवा हलकी असेल आणि मोठ्या दुरुस्तीला आज हात घालता येत नसेल, तर कोपॉलिमर वर्गातील द्रवरूप वेटिंग एजंट पेरणीच्या ओळीत वापरण्यास माझी अनुकूलता आहे. पहिल्या वर्षी सगळ्या शेतावर तो वापरू नये. पेरणी करताना मधल्या काही ओळींची टाकीची तोटी बंद ठेवावी, त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्या आणि उगवणीनंतर दोन्हीकडची एक-एक मीटर ओळ मोजावी. पट्टा उताराला आडवा न घेता उताराच्या दिशेने घ्यावा, नाहीतर वरच्या बाजूने वाहून आलेले पाणी निष्कर्ष बिघडवते. मोजणी काढणीच्या वेळीही करावी. उगवणीत दिसलेला फरक दाण्यात उतरला की नाही, हे तेव्हाच कळते आणि पुढच्या हंगामाचा कॅन घ्यायचा की नाही, हे त्यावरच ठरवावे.